ऑस्करने कोणाला डावललं? (अट : आधी कोणाला काढणार ते सांगा)

रिळवाला (धागाकर्ता)

दर वर्षी नामांकनं जाहीर होतात आणि अर्ध्या तासात 'अन्याय झाला'ची ओरड सुरू होते. ओरडायला माझी ना नाही, मीही त्यात असतोच. पण एक गोष्ट कायम राहून जाते. दिग्दर्शनाला पाच जागा, अभिनयाच्या चारही विभागांत पाच-पाच. तुमचा माणूस आत यायचा तर आतला एक बाहेर गेला पाहिजे. ते नाव मात्र कोणी घेत नाही.

म्हणून या धाग्यापुरती अट : ज्याच्यावर अन्याय झाला म्हणता, त्याच्यासाठी त्या वर्षीच्या यादीतून कोणाला उठवणार ते लिहायचं. नुसतं 'अमुक हवाच होता' असं लिहिलंत तर प्रतिसाद बाद. आणि नामांकन हुकणं वेगळं, पुरस्कार हुकणं वेगळं. ग्लेन क्लोजला आठ नामांकनं मिळूनही ऑस्करची बाहुली एकदाही मिळाली नाही, हे दुःख मोठं आहे, पण ते इथे नको.

सुरुवात मी करतो. २००८, 'द डार्क नाइट'. आठ नामांकनं, हीथ लेजरला मरणोत्तर पुरस्कार. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत नाही आणि त्याचा दिग्दर्शक नोलन दिग्दर्शनाच्या पाचांत नाही. पाचांत कोण? 'स्लमडॉग मिलियनेअर', 'बेंजामिन बटन', 'मिल्क', 'फ्रॉस्ट/निक्सन' आणि 'द रीडर'. मी 'द रीडर' काढतो. केट विन्स्लेटचं काम उत्तम, तिला तिचं बक्षीस मिळालंही; चित्रपट मात्र मला कायम गृहपाठासारखा वाटत आला आहे. पुढच्याच वर्षी अकॅडमीने (ऑस्कर देणाऱ्या संस्थेने) पाचाच्या दहा जागा केल्या, आणि चर्चेत 'द डार्क नाइट'चं नाव निघालं होतं हे तेव्हाचे अध्यक्ष सिड गॅनिस यांनी कबूलही केलं. वरातीमागून घोडं.

बाल्कनीतून

अट आवडली. घ्या मग.

'बार्बी'. ग्रेटा गर्विग दिग्दर्शनात नाही, मार्गो रॉबी अभिनयात नाही, आणि केन झालेला रायन गॉसलिंग मात्र आहे. चित्रपट जे सांगतो ते अकॅडमीने करूनच दाखवलं. काढणार : स्कोर्सेसीला. हो, शुद्धीवर राहून लिहिते आहे. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' जवळपास साडेतीन तासांचा आहे आणि त्यातला तासभर कापला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता.

तिसरा_अंक

स्कोर्सेसीला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

बाल्कनीतून, गर्विगचं समजू शकतो. पण 'बार्बी'ला आठ नामांकनं होती. गर्विगला पटकथेसाठी, रॉबीला निर्माती म्हणून, अमेरिका फेरेराला सहायक अभिनेत्री म्हणून. याला डावलणं म्हणायचं तर ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना काय म्हणायचं? शिवाय रॉबीसाठी कोणाला काढणार ते तुम्ही शिताफीने टाळलंत. त्या वर्षी एमा स्टोन, लिली ग्लॅडस्टोन, सँड्रा ह्यूलर, कॅरी मलिगन आणि अ‍ॅनेट बेनिंग होत्या.

बाल्कनीतून

बेनिंग. विचार करायला दोन सेकंदही लागले नाहीत. 'नायड'मध्ये त्या पोहतात छान. बाकी चालू द्या.

आकडेमोड

सगळे 'अकॅडमीने ठरवलं' असं लिहिताय म्हणून मध्ये तोंड घालतो. नामांकनाच्या फेरीत नट नटांना मत देतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, संकलक संकलकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तेवढे सगळे. आणि मत म्हणजे पाच नावांपुढे पाच खुणा नव्हेत. पसंतीक्रम लावायचा असतो. विधान परिषदेच्या निवडणुकीत 'कोटा' असतो ना, तेच तंत्र.

समजा दिग्दर्शन शाखेतून (अकॅडमीतल्या दिग्दर्शकांच्या गटातून) ६०० मतपत्रिका आल्या. जागा पाच. जागांत एक मिळवायचा, म्हणजे सहा. ६०० भागिले ६ म्हणजे १००, वर एक. कोटा १०१. पहिल्या पसंतीची १०१ मतं ज्याला पडली तो आत. मग सगळ्यांत कमी मतंवाला बाद, आणि त्याच्या पत्रिका त्यांवरच्या पुढच्या नावाकडे. पाच जागा भरेपर्यंत हेच.

याचा परिणाम असा की सगळ्यांचा चौथा लाडका असून काही उपयोग नाही. शंभरेक जणांचा पहिला लाडका असावं लागतं. गर्विगला समजा चारशे दिग्दर्शकांनी चौथ्या क्रमांकावर ठेवलं असेल, तर त्यातल्या बहुतेक पत्रिकांवरचं तिचं नाव मोजणाऱ्याने वाचलंही नसेल. त्यांची मतं आधीच कोणाच्या तरी पदरात पडलेली असतात.

आणि म्हणून, रिळवाला, तुमची अटच मुळात लंगडी आहे. या पद्धतीत कोणी कोणाची जागा 'घेत' नाही. पाचव्या जागेवर जो बसला तो कोणाला उठवून बसला हे मोजणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो सांगत नाही.

रिळवाला

अट खेळाची आहे हो, मतमोजणीची नाही. अट नसती तर आत्तापर्यंत इथे चाळीस नावं आली असती आणि युक्तिवाद एकही नाही.

पण तुमच्या गणिताने एक गोष्ट उलगडते. दिग्दर्शन शाखा गेली काही वर्षं दर खेपेला एक जागा इंग्रजीबाहेरच्या किंवा युरोपीय माणसाला देते आहे. २०१८ला पाव्हेल पाव्हलिकोव्स्की, २०२०ला थॉमस विंटरबर्ग, २०२१ला हामागुची, मग रूबन ऑस्टलुंड, मग जस्टिन त्रिए, मग जाक ओदियार (वर्षं चित्रपटांची). दर वेळी हॉलिवूडमधल्या कोणाची तरी 'पक्की' समजली जाणारी जागा गेली. २०१८ला ब्रॅडली कूपरची गेली, २०२१ला डेनी व्हिलनव्हची. 'ड्यून'च्या पहिल्या भागाला दहा नामांकनं आणि सहा पुरस्कार, पण दिग्दर्शकाचं नाव नाही. जणू चित्रीकरण, संकलन, ध्वनी, संगीत आपापलं जुळून आलं आणि व्हिलनव्ह चहा पीत बसले होते.

तिसरा_अंक

व्हिलनव्हसाठी माझी नोंद घ्या. २०२१ला केनेथ ब्रॅनाला काढा, 'बेलफास्ट' गोड आहे पण गोडच आहे. २०२४ला दुसऱ्या भागासाठी जेम्स मॅनगोल्डला काढा. हामागुचीला हात लावायचा नाही.

मध्यंतर

व्हिलनव्हचं निघालंच आहे तर 'अरायव्हल'. २०१६. आठ नामांकनं. चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, संकलन, कलादिग्दर्शन, ध्वनीची दोन. आणि एमी अ‍ॅडम्सला नाही! तो चित्रपट जवळजवळ पूर्ण तिच्या चेहऱ्यावर चालतो. शेवटी जे कळतं ते तिला आधीपासून माहीत आहे की नाही, हा प्रश्न ती नुसत्या डोळ्यांनी लोंबकळत ठेवते. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा कळेल की पहिल्या दृश्यापासून ती दोन भूमिका करते आहे.

काढणार : मेरिल स्ट्रीप, 'फ्लोरेन्स फॉस्टर जेन्किन्स'. स्ट्रीपबाईंबद्दल आदर आहेच. पण काही वर्षी त्यांचं नाव सवयीने लिहिलं जातं असा माझा दाट संशय आहे.

पार्श्वसंगीत

मध्यंतर ताईंना +१. त्याच चित्रपटाच्या संगीताची गोष्ट अजून वाईट. योहान योहानसन यांचं संगीत स्पर्धेतूनच बाद ठरवलं होतं, कारण सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिश्टर यांची आधीची रचना वाजते. चित्रपटात मूळ संगीत कोणतं आणि उसनं कोणतं याचा मतदारांच्या मनात गोंधळ होईल म्हणे.

संगीत शाखेचा हा जुना आजार आहे. 'देअर विल बी ब्लड'चं जॉनी ग्रीनवुडचं संगीत आधीच्या रचनांमुळे बाद. त्याहून मजेदार 'द गॉडफादर'. निनो रोटांना नामांकन मिळालं, मग लक्षात आलं की त्यातली एक धून त्यांनी स्वतःच्याच 'फॉर्च्युनेला' या जुन्या इटालियन चित्रपटात वापरली होती. नामांकन काढून घेतलं. दोन वर्षांनी 'भाग २'ला, ज्यात तीच धून परत आहे, पुरस्कार दिला. आता यात कोणाला काढू? शाखेलाच काढतो.

आणि हो, 'चॅलेंजर्स'. ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांना गोल्डन ग्लोब मिळाला आणि ऑस्करच्या पाचांतही नाव नाही. टेनिसच्या सामन्याला टेक्नो लावल्याबद्दल मतदारांनी कान झाकून घेतले असावेत.

नेहमीचा_कटकट्या

एक भाबडा प्रश्न. हा अमेरिकी चित्रपट व्यवसायाचा स्वतःच स्वतःची पाठ थोपटण्याचा कार्यक्रम आहे. त्यांनी त्यांच्यातल्या कोणाला बोलावलं, कोणाला नाही, यावर आपण का रक्त आटवायचं? हलके घ्या, पण उत्तर द्या.

बाल्कनीतून

कारण दर सप्टेंबरात 'भारताकडून कोणता चित्रपट' यावर तुम्हीच सगळ्यांत मोठे प्रतिसाद लिहिता, कटकट्या काका.

मध्यंतर

:D

पण भारताचा विषय निघाला ते बरं झालं. डावलणं फक्त तिकडे होत नाही, बऱ्याचदा आपणच घरून डावलून पाठवतो. आंतरराष्ट्रीय विभागाचा नियम असा की प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा, आणि आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. २०१३ला 'द लंचबॉक्स' सगळीकडे गाजत असताना 'द गुड रोड' पाठवला. २०२२ला 'आरआरआर'ऐवजी 'छेल्लो शो'. तो निदान नामांकनाआधीच्या पंधराच्या यादीत पोहोचला, आणि 'आरआरआर'ने दुसऱ्या दाराने जाऊन 'नाटू नाटू'चा पुरस्कार आणला.

२०२४ तर कळस. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हे बक्षीस मिळालं. फ्रान्सची निर्मिती असल्याने फ्रान्सच्या निवड समितीनेही तो विचारात घेतला होता, पण त्यांनी 'एमिलिया पेरेझ' धाडला. आपण 'लापता लेडीज' धाडला. तो पंधरात आलाच नाही. पंधरात कोणता हिंदी चित्रपट आला? 'संतोष'. तो ब्रिटनने पाठवला होता!

काढणार : 'लापता लेडीज'. मला तो आवडतो. तरीही.

नेहमीचा_कटकट्या

'लापता लेडीज' काढायचं कारण? कानला बक्षीस मिळालं म्हणून? मग समिती कशाला, कानच्या निकालाचं पत्रक जोडून पाठवा. निवड समितीला स्वतःची आवडनिवड असायला हरकत नाही.

मध्यंतर

आवडनिवड जरूर असावी, पण कशासाठी निवडतोय हेही बघावं. तिकडच्या मतदारासमोर ८०-९० देशांचे चित्रपट येऊन पडतात. ज्याचं नाव त्याने आधी ऐकलेलं असतं, जो अमेरिकेत वितरकाने लावलेला असतो, तो आधी बघितला जातो. 'ऑल वी इमॅजिन'कडे हे सगळं होतं, गोल्डन ग्लोबला पायल कपाडियांना दिग्दर्शनाचं नामांकनही होतं. 'श्वास'च्या वेळी आठवतंय ना? २००४ला प्रचाराच्या खर्चासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' यांची नावंही तिथल्या किती मतदारांनी ऐकली असतील? 'कोर्ट'ला तर व्हेनिसची दोन बक्षिसं होती.

तिसरा_अंक

आपण एकटे नाही, एवढं समाधान माना. २०२३ला फ्रान्सने 'अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल' घरी ठेवला आणि स्वयंपाकघरातला 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' पाठवला. त्याला नामांकन मिळालं नाही. घरी ठेवलेल्याला पाच मिळाली आणि मूळ पटकथेचा पुरस्कार. १९८५ला जपानने कुरोसावांचा 'रान' पाठवला नव्हता. मग हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी कुरोसावांना थेट दिग्दर्शनाच्या पाचांत बसवलं. दिग्दर्शन शाखेला शिव्या घालताना हेही लक्षात असू द्या.

अभिजात_प्रेक्षक

'मदर इंडिया' एका मताने हरला होता. तेव्हापासून आपल्यावर अन्यायच चालू आहे.

आकडेमोड

एका मताची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतोय. अकॅडमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, मग ते एक मत मोजलं कोणी? हरला तो फेलिनींच्या 'नाइट्स ऑफ कबीरिया'समोर, ही वस्तुस्थिती. आणि तो 'लगान'ला हरवणाऱ्या 'नो मॅन्स लँड'पेक्षाही तगडा प्रतिस्पर्धी होता.

भुताटकी

भयपटांबद्दल कोणी बोलणार आहे का, की मीच आवाज देऊ?

टोनी कोलेट, 'हेरेडिटरी', २०१८. जेवणाच्या टेबलावरचं ते एक दृश्य काढून दाखवलं असतं तरी पुरे होतं. ल्युपिटा न्याँगो, 'अस', २०१९. एकाच चेहऱ्याने दोन बायका, आवाज वेगळा, चाल वेगळी, श्वास घेण्याची पद्धत वेगळी. दोघींनाही काही नाही. हेच काम एखाद्या राणीच्या चरित्रपटात केलं असतं तर फुलं उधळली असती.

काढणार : न्याँगोसाठी शार्लीझ थेरॉन, 'बॉम्बशेल'. नाकाच्या मेकअपला वेगळा पुरस्कार आहे, आणि तो त्या चित्रपटाला मिळालाच. कोलेटसाठी मात्र अडकलोय. त्या वर्षी ऑलिव्हिया कोलमन, ग्लेन क्लोज, लेडी गागा, यालित्सा अपारिसिओ आणि मेलिसा मॅकार्थी. एकही नाव खोडवत नाही.

रिळवाला

खोडवत नसेल तर प्रतिसाद अर्धा बाद. :)

भुताटकी

बरं, गागा. आता तिचे चाहते मला व्यक्तिगत निरोप पाठवून झोडपतील.

बाल्कनीतून

येणारच. काढलात ते काढलात, आणि तेही गागाला?? ती बाई त्या चित्रपटात गाण्यांपेक्षा शांत बसलेली असताना चांगली आहे.

तिसरा_अंक

भयपट अगदीच अस्पृश्य आहेत असं नाही. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ने पाचही मोठे पुरस्कार नेले होते, आणि 'द सब्स्टन्स'साठी डेमी मूर आत होती. खरी हेळसांड विनोदी नटांची. जिम कॅरी, 'द ट्रुमन शो'. अ‍ॅडम सँडलर, 'अनकट जेम्स'. कॅरीने गंभीर व्हायचं, गोल्डन ग्लोब घ्यायचा, आणि तरी ऑस्करच्या दारातून परत.

आकडेमोड

वर 'कोणी कोणाची जागा घेत नाही' असं मी लिहिलं, त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण देतो. 'टू लेस्ली', २०२२. अमेरिकेतली तिकीटविक्री जेमतेम २७ हजार डॉलर. प्रचाराला पैसा नाही. मग नामांकनाच्या मतदानाच्या सुमारास नामवंत नटांनी समाजमाध्यमांवर त्यातल्या अँड्रिया राइझबरोचं कौतुक सुरू केलं, आणि तिचं नाव पाचांत आलं. गदारोळ झाला, अकॅडमीने चौकशी केली, नामांकन कायम ठेवलं.

समजा नटांच्या शाखेतून १,२०० पत्रिका आल्या, तर कोटा २०१. म्हणजे दोनशे एक नटांनी तिला पहिल्या क्रमांकावर लिहिलं की काम झालं. उलट व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर अनेकांच्या पाचांत असतील, पण तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. त्या दोघी राहिल्याचा राग राइझबरोवर निघाला. तिने केलं काय? चांगलं काम.

मध्यंतर

आकडेमोड, गणित मान्य, पण गणिताआड लपू नका. पहिल्या क्रमांकावर कोणाचं नाव येतं हे गणित ठरवत नाही, माणसं ठरवतात. राइझबरोची बाजू घेणारे नट तिचे किंवा दिग्दर्शकाचे ओळखीचे होते. डेडवायलरला तसा गोतावळा नव्हता. २०१५ आणि २०१६च्या सोहळ्यांत, सलग दोन वर्षं, अभिनयाची वीसही नामांकनं गोऱ्या नटांना गेली. दोन्ही वर्षी कोट्याचंच गणित होतं. 'सेल्मा' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत, पण एव्हा डुव्हर्ने नाही, डेव्हिड ओयेलोवो नाही. त्यानंतरच्या ओरडीमुळे अकॅडमीने सदस्यत्व वाढवलं, बाहेरच्या देशांतले लोक मोठ्या संख्येने घेतले. रिळवालांनी जी युरोपीय जागा मोजून दाखवली, तिचं एक मूळ तिथेच आहे. तेव्हा ओरडून काही होत नाही असं नाही.

आकडेमोड

हे मान्य. मतदार बदलले की पहिली पसंती बदलते. माझं म्हणणं एवढंच की एखाद्या वर्षीच्या एका नावावरून कट शोधू नका, दहा वर्षांची यादी समोर ठेवा.

पार्श्वसंगीत

विभागांच्या लबाडीबद्दल कोणीच बोललं नाही? मुख्य भूमिका 'सहायक' म्हणून घुसवायची आणि खऱ्या सहायकाची जागा खायची. 'जूडास अँड द ब्लॅक मसायाह' बघा. डॅनिएल कलूया सहायक, लाकीथ स्टॅनफील्डही सहायक. मग त्या चित्रपटात मुख्य कोण होतं, मोटारगाडी?

तिसरा_अंक

त्यात स्टुडिओची लबाडी अर्धीच. स्टॅनफील्डचा प्रचार मुख्य अभिनेता म्हणूनच चालू होता, नटांनी त्याला सहायकात लिहिलं. कुठल्या विभागात बसवायचं ते मतदार ठरवतो. उलटंही झालंय : धागाकर्त्याच्या नावडत्या 'द रीडर'साठी विन्स्लेटचा प्रचार सहायक म्हणून होता, गोल्डन ग्लोबही तिने त्याच विभागात घेतला, आणि अकॅडमीने तिला उचलून मुख्य विभागात बसवलं.

आणि याचा आद्यपुरुष म्हणजे बॅरी फिट्झजेराल्ड, १९४४चा 'गोइंग माय वे'. एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक अशी दोन्ही नामांकनं! सहायकचा पुरस्कार मिळाला. मग नियम बदलला.

अभिजात_प्रेक्षक

जुनं निघालंच आहे तर बेट डेव्हिस. 'ऑफ ह्यूमन बाँडेज', १९३४. तेव्हा अभिनेत्रींच्या विभागात तीनच नावं होती आणि त्यांत ही नव्हती. इतका आरडाओरडा झाला की अकॅडमीने त्या वर्षी यादीबाहेरचं नाव हाताने लिहायला परवानगी दिली. तरी ती तिसरी आली, जिंकली क्लॉडेट कोलबेअर. (तेव्हा क्रम सांगत असत!) पुढच्या वर्षी डेव्हिसला 'डेंजरस'साठी पुरस्कार दिला, तो आदल्या वर्षीची भरपाई होता असं बहुतेकांचं मत. आणि त्याच पुढच्या वर्षी हॅल मोर नावाच्या छायाचित्रकाराने, नामांकन नसताना, केवळ हाताने लिहिलेल्या मतांवर पुरस्कार जिंकला. तसं परत कधी झालं नाही, कारण सोयच बंद केली.

अटीप्रमाणे काढायचं तर ग्रेस मूर. गायिका मोठी, पण तिथे अभिनयाचं बक्षीस होतं.

बाल्कनीतून

हाताने नाव लिहायची सोय परत आणा राव! मी दर वर्षी एमी अ‍ॅडम्स लिहीन, तिचा चित्रपट आला असो वा नसो.

रिळवाला

त्यापेक्षा त्यांनी आणलेला नवा नियम बरा : अंतिम फेरीत मत द्यायचं असेल तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेले असले पाहिजेत. इतकी वर्षं ही अट नव्हती, हेच मला पचायला जड जातंय. पण नामांकनाच्या फेरीला ती लागू नाही, आणि आपलं सगळं भांडण तर त्याच फेरीचं आहे.

कटकट्या, सगळ्यांचं भांडण बघून झालं. तुमची नोंद कुठे आहे?

नेहमीचा_कटकट्या

मला या प्रकारात रस नाही, हे वर लिहिलंच आहे.

तरी विचारताच आहात तर. १९५२, 'सिंगिंग इन द रेन'. आज कुठल्याही सर्वकालीन यादीत असतो. तेव्हा नामांकनं दोन : संगीताचं एक आणि जीन हेगनला सहायक अभिनेत्रीचं. चित्रपट नाही, दिग्दर्शन नाही. डोनल्ड ओ'कॉनर भिंतीवर चढून उलटी उडी मारतो त्याला कुठला विभागच नव्हता; स्टंटचा पुरस्कार आत्ता कुठे जाहीर केलाय, तोही २०२७च्या चित्रपटांपासून. पाचांत होते 'हाय नून', 'द क्वाएट मॅन', 'मुलाँ रूज', 'आयव्हॅनहो' आणि 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ'. 'आयव्हॅनहो' काढला.

तिसरा_अंक

'आयव्हॅनहो'? समोर 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' बसलेला असताना?

नेहमीचा_कटकट्या

तो जिंकला होता ना त्या वर्षी. विजेत्याला कसं काढणार?

रिळवाला

विजेता काढायचा नाही असं अटीत कुठे लिहिलंय?

नेहमीचा_कटकट्या

मग तोच काढा. 'आयव्हॅनहो' राहू द्या, त्यात एलिझाबेथ टेलर आहे.